वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या पिकअपची किंमत कशी ठरवावी

जुन्नर तालुक्यात आमच्या आजोळी गोठ्याला लागून पत्र्याची एक पडवी आहे आणि त्या पडवीत आजोबांची २००८ सालची टाटा २०७ डीआय पिकअप सहा वर्षे एकाच जागी उभी होती. आजोबांच्या पश्चात दोन्ही मामांची वाटणी झाली. जमीन आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या यांचा निर्णय एका बैठकीत झाला, परंतु गाडीपाशी येऊन घोडे अडले. थोरल्या मामांच्या मते ती लाखाची वस्तू होती; धाकटे मामा म्हणत होते की भंगारवाला वीस हजारांवर एक रुपया देणार नाही. शेतमालाच्या वाहतुकीच्या निमित्ताने मी आजवर अनेक जुन्या पिकअप घेतल्या आणि विकल्या आहेत, म्हणून किंमत ठरवण्याचे काम दोघांनी माझ्यावर सोपवले. ते मी कोणत्या क्रमाने केले आणि तोच क्रम का धरला, हे येथे सविस्तर लिहितो. आपल्याला गाडी विकायची असो, घ्यायची असो किंवा वाटणीत धरायची असो, पद्धत तीच राहते.

उभ्या गाडीला स्वतःचा असा बाजारभाव नसतो. त्याच मॉडेलची, साधारण त्याच सालची, कागदपत्रे पूर्ण असलेली चालती गाडी आपल्या भागात ज्या भावाने हातोहात जाते, त्या भावातून आपली गाडी त्या अवस्थेपर्यंत नेण्याचा सगळा खर्च वजा करावा; जे उरते ती तिची किंमत. ही बाकी भंगाराच्या भावापेक्षा खाली गेली, तर भंगाराचा भाव हीच किंमत समजावी. आकडेमोड एवढीच आहे. खरी कसोटी आहे ती खर्च पूर्ण आणि योग्य क्रमाने मोजण्याची, आणि तो क्रम आधी कागद, मग चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा), मग इंजिन असाच असला पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक माणसे पहिल्याच दिवशी नवी बॅटरी जोडून सेल्फ मारतात आणि इंजिनाने आवाज दिला की बाकीचे सारे विसरतात. मी स्वतः ही चूक केलेली आहे. एक पिकअप अर्ध्या सेल्फवर चालू झाली म्हणून मी त्याच संध्याकाळी पैसे मोजले, आणि नंतर कळले की आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, कर्जाची नोंद तशीच आहे. कर्ज केव्हाच फिटले होते, पण तसे पत्र कोणी घेतलेच नव्हते. ते पत्र मिळवून नोंद उतरवण्यात आठ महिने गेले आणि तेवढे महिने ती चालू गाडी माझ्या दारात उभी राहिली.

कागद

सर्वप्रथम आरसी हातात घ्यावी आणि तिच्यातील प्रत्येक रकाना वाचावा. मालकाचे नाव, चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक, कर्जाची नोंद, रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह एकूण वजन या सहाही गोष्टी किमतीशी थेट संबंधित आहेत. रिकामे वजन भंगाराच्या हिशेबाला लागते. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा वेगळा परवाना लागत नाही. त्याहून अधिक असेल तर परवान्याचा खर्च आणि खटाटोप हिशेबात येतो. कर्जाची नोंद असेल तर ती उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पुढे सरकू नये. गाडी एखाद्या सरकारी खात्याच्या नावावर असेल आणि तिला १५ वर्षे उलटली असतील, तर तिच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. अशी गाडी कितीही चांगली दिसली तरी तिची किंमत भंगाराचीच असते.

पिकअप साधारणपणे व्यावसायिक वाहन म्हणून, म्हणजे पिवळ्या पाटीवर नोंदलेली असते. अशा वाहनाला पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘पासिंग’ म्हणतात, घ्यावे लागते. ते संपलेले असेल तर कायद्याच्या दृष्टीने गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. पासिंगसाठी विमा, पीयूसी, थकलेला कर, ८ वर्षांवरील व्यावसायिक वाहनाला लागणारा पर्यावरण कर, वेगनियंत्रक, परावर्तक पट्ट्या आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरपाटी हे सर्व एकामागून एक पुढे येते. गाडी जितकी जुनी, तितके पासिंगचे शुल्कही वाढते. म्हणून अंदाज बांधत न बसता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून कर कोणत्या तारखेपर्यंत भरला आहे आणि ई-चलने किती बाकी आहेत हे पाहावे, आणि आकडा कागदावर लिहून घ्यावा.

येथे एक मुद्दा असा आहे की जो पुष्कळ मालकांना ठाऊक नसतो. गाडी वापरात नसताना तशी आगाऊ लेखी सूचना आरटीओला दिली असेल, तर त्या काळातील कर माफ होऊ शकतो. याला ‘नॉन-यूज’ म्हणतात. सूचना दिली नसेल तर गाडी पडवीत धूळ खात पडली असली तरी करावर कर आणि वर व्याज चढत राहते. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली, मला पहिल्या दोन वर्षांच्या नॉन-यूजच्या पोचपावत्या सापडल्या. पुढच्या चार वर्षांच्या नव्हत्या, कारण आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्या दोन कागदांनी आमच्या हिशेबातील दोन वर्षांचा कर वाचवला. म्हणून घरातील जुन्या पिशव्या, ट्रंका आणि गाडीचे डॅशबोर्ड उपसून पाहिल्याशिवाय कागदांचा खर्च निश्चित करू नये.

मालक हयात नसेल तर वारसांनी ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ही मुदत बहुतेक घरांत टळलेली असते. ती टळली म्हणून गाडी निकामी होत नाही, परंतु विलंबाचा दंड, वारसांची संमतीपत्रे आणि हेलपाटे यांचा खर्च धरावाच लागतो. अशा गाडीचा फॉर्म २९ आणि ३० (विक्रीची सूचना आणि नावबदलाचा अर्ज) कोणी ‘आजोबांची सही आधीच घेऊन ठेवली होती’ असे सांगून पुढे केला, तर तो व्यवहार करू नये.

चॅसी

कागद तपासल्यानंतर गाडीजवळ जावे, तेही पाना न घेता. बरोबर एक शिसपेन्सिल, पातळ कागद, लहान हातोडी, जुना स्क्रूड्रायव्हर आणि चांगली विजेरी असावी. चॅसी क्रमांक जेथे ठोकलेला असतो ती जागा घासलेटाच्या बोळ्याने पुसावी, त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासावी आणि उमटलेला छाप आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. आमच्या गाडीवर चिखलाचा आणि ग्रीसचा बोटभर थर होता. तो निघाल्यावर एकेक आकडा कागदावर उमटत गेला आणि शेवटचे तीन आकडे जुळले तेव्हा मला हायसे वाटले. अक्षरांची उंची कमी-जास्त असेल, ओळ वाकडी असेल किंवा भोवतीचे लोखंड ग्राइंडरने घासल्यासारखे चकचकीत असेल, तर त्या गाडीची किंमत शून्य समजावी आणि तेथून निघावे.

नंतर गाडीच्या बाजूला दहा पावलांवर उभे राहून केबिन आणि हौदा यांच्यामधील फट पाहावी. ती वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलट, दिसत असेल तर चॅसी मधोमध वाकलेली असण्याची शक्यता मोठी आहे, कारण अतिभाराचा ताण नेमका त्याच जागी येतो. खाली शिरून त्या भागातील पट्टीवर जादा पट्टी वेल्ड केलेली आहे का, हे पाहावे. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) मोजावेत; मूळ पाट्यांच्या जोडीला जादा पाटा टाकलेला आढळला, तर त्या गाडीने आयुष्यभर क्षमतेपेक्षा अधिक ओझे वाहिले आहे, हे मालकाने सांगायची गरज उरत नाही.

गाडीने काय वाहिले हा प्रश्न मी किलोमीटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा मानतो, कारण एवढ्या जुन्या गाडीची मीटरची केबल कधी तुटली आणि कधी बदलली याला धरबंध नसतो. टोमॅटोचे क्रेट वाहणारी गाडी आणि मासळीचे बर्फाळ खारे पाणी रोज हौद्यातून गळत गेलेली गाडी या एकाच सालच्या असल्या तरी त्यांच्या लोखंडात जमीन-अस्मानाचे अंतर असते. रासायनिक खताच्या गोण्याही तितक्याच घातक असतात. सांडलेले खत दमट हवेतील ओल धरून ठेवते आणि हौद्याच्या तळाखालची आडवी लोखंडे आतून पोखरते. वाळू वाहिलेल्या गाडीचे पाटे आणि मागचे हाउसिंग (मागच्या आसाची पेटी) थकलेले असते. आमच्या गाडीने नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेले होते आणि ऊस कधी चढवला नव्हता, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू होती.

गंज पाहताना डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला पत्रा डोळ्यांना अखंड दिसतो. चॅसीच्या पट्ट्यांवर हातोडीने हलके ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते. बद्द आवाज येईल तेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबावे. चॅसीत टोक आत गेले तर पुढचे काही पाहू नये. ती गाडी रस्त्यासाठी संपलेली आहे. केबिनच्या फरशीत किंवा हौद्याच्या तळात ते गेले तर मात्र घाबरण्याचे कारण नाही, तो पत्रा कापून नवा बसवता येतो. झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीत काचेखालच्या खोबणीत पाने कुजून पाणी तुंबते आणि ते पायाशी उतरते, म्हणून मॅट उचलून पाहणे आवश्यक आहे. आमच्या पडवीत वरून पाऊस लागत नव्हता, पण गोठ्याच्या बाजूने सतत ओल होती. त्यामुळे चालकाच्या बाजूची फरशी कुजलेली आणि दुसरी बाजू कोरडी, असे चित्र निघाले.

इंजिन

आता इंजिन. सहा वर्षे न फिरलेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारणे हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे. पिस्टनच्या रिंगा गंजाने बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेल्या असतील तर जबरदस्तीने त्या तुटतात, आणि जे काम तेल व एका रात्रीत झाले असते ते हाफ इंजिनावर, म्हणजे पिस्टन-रिंगांच्या मोठ्या कामावर, जाते. प्रथम तेलाची कांडी काढून पाहावी. तेल काळे असणे स्वाभाविक आहे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि पातळी खुणेच्या वर असून डिझेलचा वास आला तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा डिझेल पंप गळत आहे. रेडिएटरचे झाकण उघडून पाणी आहे का, त्यावर तेलाचा तवंग आहे का, हेही पाहावे. एअर क्लीनर उघडल्याशिवाय काहीही करू नये. आमच्या गाडीच्या एअर क्लीनरमध्ये उंदरांनी कडब्याचे घरटे केले होते, आणि इंजिन चालू केले असते तर तो सगळा कडबा आत ओढला गेला असता.

त्यानंतर चारही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावावा आणि हातानेच इंजिन फिरवावे. पूर्ण दोन फेरे कोठेही न अडकता झाले म्हणजे इंजिन मोकळे आहे. अडकले तर पान्याला पाइप घालून जोर करू नये. तेल सोडून आणखी दोन दिवस थांबावे. आमचे इंजिन पहिल्या पाव फेऱ्यात घट्ट होते, नंतर कुरकुरत सुटले. त्या वेळी थोरले मामा पान्याजवळ बसले होते. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून पाना घेतला आणि उरलेला फेरा स्वतः पूर्ण केला.

टाकीतील जुने डिझेल मुळीच वापरू नये, कारण तळाशी पाणी, गंज आणि शेवाळासारखा गाळ साठलेला असतो. स्वच्छ कॅनमधून थेट नळी जोडावी, फिल्टर बदलावा, पंपाची हवा काढावी, तेल नवे भरावे आणि मगच सेल्फ मारावा. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी एक जाड फळी घेऊन माणूस उभा करावा. बराच काळ पडून असलेल्या पंपाचा रॅक (डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करणारी दांडी) अडकला तर इंजिन स्वतःहून भरधाव वेग घेते आणि तेव्हा हवा बंद करणे हाच एक उपाय उरतो. इंजिन चालू झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांचा धूर पाहून निष्कर्ष काढू नये, वीस मिनिटे चालू द्यावे. गरम झाल्यावरही निळसर धूर राहिला तर तेल जळते आहे. काळा धूर नोझल-पंपाकडे बोट दाखवतो. पांढरा आणि दाट धूर थांबत नसेल तर कॉम्प्रेशन कमी असेल किंवा पाणी आत जात असेल. तेल भरण्याचे झाकण काढून हाताचा तळवा वर धरावा. वाफेसारखी हलकी झुळूक चालते. पण धक्के बसत असतील आणि धूर फुसफुसत असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन आहे, आणि पिस्टन-रिंगांचे काम ठरलेले आहे.

ब्रेक, क्लच, टायर आणि वायरिंग यांच्या बाबतीत तपासत बसण्यात वेळ घालवू नये. सगळे खराब आहे असे धरूनच खर्च लिहावा. ब्रेकचे सिलिंडर जाम झालेले असतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते, वायर उंदरांनी कुरतडलेल्या असतात. टायरची नक्षी नव्यासारखी दिसली तरी बाजूच्या चार अंकी आकड्यावरून वय कळते. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर, आणि तो कितीही भरीव दिसला तरी त्याच्यावर भार घालून महामार्गावर जाणे जिवाशी खेळ आहे. इंजिन चालू झाले म्हणून अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. क्रेन किंवा टोचन लावून न्यावी आणि तो खर्चही लिहावा.

हिशेब

पुढील आकडे आमच्या गाडीचे, आमच्या भागातील आणि त्या वेळचे आहेत. आपल्याकडील भाव आपण तीन ठिकाणी विचारून घ्यावेत. त्याच सालच्या, पासिंग चालू असलेल्या २०७ चा भाव मी ओळखीच्या वाहतूकदारांकडून घेतला. सांगितलेला भाव वेगळा आणि व्यवहार झालेला भाव वेगळा असतो, म्हणून प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचीच चौकशी केली. तो १,९०,००० रुपये निघाला. दुरुस्तीत टायर २२,०००, बॅटरी ६,५००, ब्रेक ११,०००, पंप आणि नोझल १४,०००, क्लच ७,५००, रेडिएटर आणि नळ्या ५,०००, वायरिंग, सेल्फ आणि डायनॅमो ६,०००, फरशी, हौद्याचा तळ आणि रंग १८,०००, आणि टोचन ४,००० असे मिळून ९४,००० रुपये झाले. कर, विमा, पासिंग, नंबरपाटी, वारसनोंद आणि किरकोळ दंड मिळून ३१,००० झाले. दुरुस्तीच्या रकमेवर न दिसणाऱ्या कामांसाठी मी नेहमी पाचवा हिस्सा जास्त धरतो, कारण सहा वर्षे पडून असलेल्या गाडीचे सील आणि रबरे चालू झाल्यानंतरच्या महिन्यात एकेक करून गळू लागतात. ते १९,००० धरले. एकूण खर्च १,४४,००० आणि बाकी ४६,०००.

ही बाकी बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्या बाजूने पडताळून पाहिले. आरसीवरील रिकाम्या वजनातून टायर, काचा, आसने आणि हौद्याचे लाकूड वगळता साधारण १,३०० किलो लोखंड धरले आणि २८ रुपये किलोने ३६,४०० रुपये आले. सरकारी भंगार धोरणात नोंदणीकृत केंद्राकडून मिळणाऱ्या किमतीचा अंदाज नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असा दिलेला आहे. नवी पिकअप नऊ लाखांची धरली तर ते ३६,००० ते ५४,००० होतात. तिसरी बाजू सुट्या भागांची. मोकळे झालेले इंजिन, गिअरबॉक्स, मागचे हाउसिंग आणि हौद्याचे फाळके वेगवेगळे विकून पन्नास हजारांच्या आसपास रक्कम उभी राहिली असती, परंतु त्यात महिने गेले असते. तीन वाटांनी केलेले हिशेब असे जवळजवळ आले की आकड्यावर विश्वास ठेवता येतो. ते फार लांब पडले तर आपण कोठेतरी चालत्या गाडीचा भाव फुगवून धरलेला असतो.

स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणारे लोक मजुरी शून्य धरतात आणि त्यामुळे जास्त किंमत देऊन बसतात. आपल्या रविवारांना मोल आहे, ते हिशेबात धरावे. त्याचप्रमाणे आठवणींचे मोल कोणी हिशेबात धरू नये, पण ते नाकारूही नये. ज्याला ती गाडी ठेवायची आहे त्याने ते स्वतःच्या खिशातून भरावे, दुसऱ्याच्या वाट्यातून वळते करू नये. मी मामांना ४५,००० ही किंमत लिहून दिली आणि प्रत्येक आकडा त्यांच्यासमोर वाचला. थोरल्या मामांनी गाडी ठेवून घेतली आणि धाकट्यांना २२,५०० रुपये दिले.

किंमत ठरल्यावर गाडी बाहेर जाणार असेल, तर ती कोणाच्याही हवाली करण्यापूर्वी नावाचा प्रश्न निकाली काढावा. गल्लीतल्या भंगारवाल्याला नुसती गाडी देऊन टाकली तर आरसी आपल्याच नावावर राहते, कर चढत राहतो आणि त्या क्रमांकाचा कोठे गैरवापर झाला तर पोलीस आपल्या दारात येतात. भंगारात काढायचीच असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी आणि जमा प्रमाणपत्र घ्यावे; नवी गाडी घेताना त्यावर करात सवलत मिळते. चालवण्यासाठी विकली असेल तर ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नवे नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला क्रमांक टाकून पाहत राहावे.